सहकुटुंब, सहपरिवार आणि सपंक्चर

मुंबईत रस्त्यांना तोटा नाही, पण सायकलवाल्याला त्यातले बरेचसे लांबूनच बघायचे आहेत. वांद्रे-वरळी सी लिंक 2009 साली झाला, त्यावर सायकलला बंदी. पूर्व मुक्त मार्ग 2013 साली झाला, त्यावरही बंदी. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते न्हावाशेवा असा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. तिथे रिक्षा, मोटरसायकल यांच्या पंक्तीत सायकललाही बाहेरच बसवलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने हा पायंडा कधीच पाडून ठेवला होता. समुद्रावरून, डोंगराच्या पोटातून, घरांच्या गच्च्यांवरून रस्ते गेले आणि प्रत्येकाच्या तोंडाशी सायकलच्या चित्रावर एक तिरकी लाल रेघ आली. सायकलवर बसून पूर्वेकडे मुंबईबाहेर पडायचं तर उरलं मुख्यतः मानखुर्द.

सायन-पनवेल महामार्ग इथून खाडीवर चढतो. पूर्वी इथे जकात नाका होता. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली. पुलापलीकडे वाशीचा टोल होता, ऑक्टोबर 2024 मध्ये हलक्या गाड्यांपुरता तोही गेला. सायकलवाल्याकडे या दोन्ही ठिकाणी कुणी कधी काही मागितलंच नव्हतं, त्यामुळे माफीचा आनंदही त्याच्या वाट्याला आला नाही. उत्तरेला 1927 पासून साठत आलेला देवनारचा कचरा, दक्षिणेला अणुशक्तीनगर आणि त्यामागची तुर्भ्याची टेकडी, समोर पूल. वारा उत्तरेचा असला की सायकलस्वार पुलावर अपेक्षेपेक्षा लवकर पोचतात.

थंडीतल्या रविवारी पहाटे पाचच्या सुमारास टी जंक्शनपाशी दोन प्रकारचे सायकलस्वार दिसतात. पहिला प्रकार क्लबवाल्यांचा. एकाच रंगाच्या जर्सी, पुढे पांढरा दिवा, मागे लुकलुकणारा लाल दिवा. सव्वापाच म्हणजे सव्वापाच. ज्याला उशीर होईल त्याने गाठून घ्यावं. ते निघून जातात आणि मागे उरतो दुसरा प्रकार, म्हणजे घरची मंडळी.

ही मंडळी लांबूनही ओळखू येतात. क्लबवाल्यांना एकमेकांचा वेग माहीत असतो, यांना एकमेकांच्या खोड्या माहीत असतात. सायकलचं वेड नुकतंच लागलेला धाकटा मुलगा हा मोहिमेचा म्होरक्या. त्याने दोन महिने आधी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढलेला असतो. पहिला आठवडा त्यावर मार्गाची चर्चा, नंतर लग्नाचे फोटो, वाढदिवस आणि गुडघेदुखीवरचे उपाय. वडील निवृत्त, त्यांची चोवीस इंची काळी अॅटलस घोडा स्टँडवर उभी. काकांकडे सायकल भाड्याची आहे, पण रस्त्याची माहिती स्वतःची, आणि ती साधारण 1988 सालची आहे. सुनेची सायकल बास्केटवाली, त्या बास्केटमध्ये सगळ्यांचं सामान. शॉकअपवाली जाड टायरची सायकल घेऊन बारा-तेरा वर्षांचा पुतण्या आलेला असतो. आणि जावई. जावयाची सायकल कार्बनची. ती एका बोटावर उचलता येते, हे तो पनवेलपर्यंत तीन वेळा उचलून दाखवतो.

घरच्यांबरोबर लांबची सायकल मारण्यात किलोमीटर ही फार छोटी अडचण आहे. खरी अडचण ही की इथे कुणालाच मागे टाकून जाता येत नाही. क्लबमध्ये दमलेला माणूस मागे पडला की तो मागे पडतो, प्रश्न मिटला. घरात मागे पडलेला माणूस रात्री जेवायला समोर बसतो. शिवाय पुढे जाण्याचेही नियम आहेत. वडिलांना ओव्हरटेक केलं तर हल्लीच्या पिढीचा विषय निघतो. काकांना केलं तर काका जोर लावतात, आणि मग पुढचे वीस किलोमीटर काकांची पाठ धरलेली असते. जावयाला मागे टाकणं रीतीला धरून नाही आणि जावयाने सासऱ्यांना मागे टाकणं बरं दिसत नाही, त्यामुळे दोघेही एकमेकांच्या मागे राहायचा प्रयत्न करतात आणि अधूनमधून पूर्ण थांबतात. या सगळ्या गुंत्यातून सून एकटी शांतपणे पुढे निघून गेलेली असते. ती सगळ्यांत दमदार आहे हे मानखुर्दलाच कळलेलं असतं. कबूल कुणी करत नाही.

मित्रांबरोबर हे सोपं जातं, याला मुंबईतच मोठा पुरावा आहे. ऑक्टोबर 1923 मध्ये मुंबईच्या एका व्यायाम क्लबातले सहा पारशी तरुण सायकलवरून जग फिरायला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मार्च 1928 मध्ये, सत्तर हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून परत आले. उरलेले तिघे वाटेत वेगवेगळ्या ठिकाणी गळाले. त्यातल्या एकाने तर अमेरिकेतच राहायचं ठरवलं. मित्र म्हणाले, बरं, राहा, आणि पुढे निघाले. हीच गोष्ट सख्ख्या चुलत भावाने केली असती तर? आधी त्याच्या आईला तार गेली असती. मग उरलेल्यांनी त्याला सोडलंच कसं, यावर घरात बैठक बसली असती. आणि मोहीम बहुधा न्यूयॉर्कहून उलटी फिरली असती. इकडे आपल्याला खारघरला टपरीवर मागे थांबलेल्या काकांनाही सोडून जाता येत नाही.

वाशीच्या पुलावर पहिली कसोटी लागते. खाडीवरचा पहिला पूल 1973 चा, दुसरा 1997 चा, आणि तिसऱ्याची पहिली बाजू ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. एवढे पूल असूनही सायकलवाल्याला प्रत्येक वेळी तोच चढ वाटतो, कारण सकाळी वारा समोरून असतो आणि पाय अजून झोपेत असतात. पुलाच्या उत्तरेला ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे. 2015 मध्ये ते जाहीर झालं आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेलं. जगभरच्या पक्षितज्ज्ञांना या पाणथळीचं मोल आहेच, पण तिचा सायकलस्वार कुटुंबांना होणारा उपयोग कुठल्याच अहवालात आलेला नाही. पुलाच्या मध्यावर आल्यावर जो म्हणतो, “अरे थांबा, फ्लेमिंगो बघूया,” तो दमलेला असतो. या वेळी अंधार आहे, फ्लेमिंगो दिसत नाहीत, ओहोटी आहे की भरती हेही कळत नाही. तरी सगळे थांबतात आणि कठड्याशी उभं राहून दोन मिनिटं काळोखाकडे आदराने बघतात. पहिल्यांदा फ्लेमिंगोंची आठवण कुणाला झाली, हे पुढे कित्येक वर्षं घरात सांगितलं जातं.

पूल उतरला की वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, खारघर, कळंबोली, पनवेल. इथे सांगण्यासारखं फार काही नाही. उड्डाणपूल, बसथांबे, आणि डावीकडे अचानक वळणाऱ्या रिक्षा.

पंक्चर मात्र कुठेतरी होतंच. ते जावयाच्या सायकलचं होतं, हाही जवळपास नियमच. आता खरी मौज सुरू होते, कारण एकाच घरातल्या सायकलींत तीन युगांचे व्हॉल्व्ह नांदत असतात. वडिलांच्या अॅटलसला जुन्या पद्धतीचा, आत रबरी वालट्यूब असलेला व्हॉल्व्ह. पुतण्याच्या जाड टायरला मोटरसायकलसारखा. जावयाच्या कार्बनला बारीक मानेचा, टोकाला पितळी चकती फिरवून उघडायचा प्रेस्टा. महामार्गावरचा पंक्चरवाला ट्रकचं टायर हातोडा मारून खोलतो, सोळा चाकांच्या ट्रेलरला घाबरत नाही. पण प्रेस्टा बघून तो आधी सायकलकडे आणि मग जावयाकडे दयेने बघतो. कॉम्प्रेसरचं नोझल त्यावर बसत नाही. त्यासाठी टिकलीएवढा पितळी अडॅप्टर लागतो, तो जावयाकडे आहे, आणि घरी आहे. अॅटलसला काय वाटत असेल ते सायकलला बोलता येत नाही म्हणून कळत नाही, पण वडिलांना येतं. “आमच्या वेळी पंप मागायला कुठल्याही घरात जाता यायचं,” ते म्हणतात. हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, हीच पंचाईत. शेवटी सुनेच्या बास्केटमधून हातपंप निघतो. तो दोन्हीकडून चालतो. तो तिने कधी घेतला, कुणालाच माहीत नसतं.

(पॅडवाली सायकल शॉर्ट नेमकी कशी घालायची, हा विषय कुटुंबात उघडपणे बोलता येत नाही. त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या समजुतीने घातलेली असते, आणि पनवेलनंतर कोणाची समजूत चुकली ते चालण्यावरून कळतं.)

लांब पल्ल्याच्या सायकलीचं जे संघटित जग आहे, त्याने नातेवाइकांच्या प्रश्नावर दोन टोकाच्या भूमिका घेतलेल्या आहेत. पहिली फ्रेंच. ब्रेव्हे किंवा बीआरएम म्हणतात त्या राइड फ्रान्समधून आल्या. भारतात त्या रुजवण्यात पुण्याच्या दिव्या ताटे यांचा मोठा वाटा. स्पर्धा नाही, फक्त वेळेची मर्यादा: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 किलोमीटर 20 तासांत, 400 किलोमीटर 27 तासांत, 600 किलोमीटर 40 तासांत. एका वर्षात हे चारही टप्पे जमले की माणूस सुपर रँदोनिअर होतो. नियम कडक आहे: ठरलेल्या कंट्रोल पॉइंटखेरीज वाटेत बाहेरची मदत घ्यायची नाही. दुकानातून विकत घ्या, स्वतःचं पंक्चर स्वतः काढा. म्हणजे 140 व्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला रिक्षा थांबवून थालीपिठांचा डबा घेऊन उभी असलेली आई ही फ्रेंच कायद्याने नियमभंग आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही या प्रकारातली सगळ्यात जुनी राइड 1891 पासून चालत आलेली आहे. ती सुरू करणाऱ्यांना मराठी आई ठाऊक नव्हती एवढंच यातून सिद्ध होतं.

दुसरी भूमिका अमेरिकन. रेस अॅक्रॉस अमेरिका, म्हणजे ‘रॅम’, पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, साधारण 4,800 किलोमीटर. इथे मागेपुढे गाडी आणि गाडीत माणसं असावीच लागतात: खायला देणारे, रस्ता सांगणारे, झोपेतून उठवणारे. थोडक्यात, जे काम मराठी नातेवाईक विनामूल्य आणि न सांगता करतात, त्यासाठी इथे रीतसर पथक नेमावं लागतं.

आणि या दुसऱ्या प्रकारात एका मराठी घराने जे केलं, ते सहकुटुंब सायकलिंगचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने नीट बघावं. नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन हे सख्खे भाऊ. एक भूलतज्ज्ञ, एक दंतवैद्य. 2015 च्या जूनमध्ये दोघांच्या संघाने रॅम 8 दिवस 14 तास 55 मिनिटांत पूर्ण केली. संघांसाठीची मुदत नऊ दिवसांची. ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. आता, महाराष्ट्रात दोन भावांनी मिळून काही करायचं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी शनिवारवाडा उभा राहतो. भाऊबंदकीची आपल्याकडची परंपरा पेशव्यांपासून सामाईक विहिरीपर्यंत अखंड आहे. मग या दोघांचं वाळवंटातून, रॉकी पर्वतातून नऊ दिवस जमलं कसं?

उत्तर शर्यतीच्या पद्धतीतच आहे. दोघांच्या संघात एक जण सायकल चालवतो तेव्हा दुसरा गाडीत आराम करतो. मग अदलाबदल. म्हणजे दोघे एकाच प्रवासाला निघालेले असतात, पण जागेपणी एकत्र असे फार थोडा वेळ. एकाचा वेग दुसऱ्याला बघावा लागत नाही, एकाचं घोरणं दुसऱ्याला ऐकावं लागत नाही. संयुक्त कुटुंब टिकवण्याची याहून चांगली रचना अजून कुणाला सुचलेली नाही. भूल देणारा आणि दात काढणारा असे दोघे घरात असताना बाकीच्यांनी वाद घालायचं धाडस कितपत केलं असेल, ही शंका वेगळी.

त्याच घरातली पुढची गोष्ट. हितेंद्र महाजनांचा मुलगा ओम याने नोव्हेंबर 2020 मध्ये, सतरा वर्षांचा असताना, श्रीनगर ते कन्याकुमारी हे साधारण 3,600 किलोमीटरचं अंतर 8 दिवस 7 तास 38 मिनिटांत एकट्याने सायकलवर पार केलं. टाळेबंदीच्या त्या वर्षात बाकीच्या घरांत सतरा वर्षांच्या मुलाला पलंगावरून टेबलापर्यंत आणायला याहून जास्त दिवस लागत होते. वडील आणि काका दोघेही रॅमवाले असले की पोराला एक फायदा होतो: “मला जमणार नाही” असं म्हणून पाहायचीही सोय नसते.

नाशिकनेच आणखी एक वाट काढली आहे, आणि ती जास्त घरगुती आहे. पोलीस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकाराने 2012 साली नाशिक ते पंढरपूर सायकल वारी सुरू झाली. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर, सिन्नर, नगर, टेंभुर्णी असे टप्पे आणि शेवटी सायकलींचं रिंगण. यात नवरा-बायको येतात, आजोबा-नातू येतात. वारीने फ्रेंचांचा आणि अमेरिकनांचा दोघांचाही प्रश्न न विचारताच सोडवलेला आहे. दिंडीत कुणी मागे पडत नाही, कारण मागून दुसरी दिंडी येतच असते. आणि वाटेत कुणी खायला दिलं तर नियमभंग होत नाही, देणाऱ्याला पुण्य लागतं. घड्याळ असतं, पण ते माउलींच्या मर्जीचं. शिवाय चढावर पुढचा दमला तर “विठ्ठल, विठ्ठल” म्हणून थांबता येतं, फ्लेमिंगो शोधावे लागत नाहीत.

मानखुर्दची मंडळी एवढ्या लांब जात नाहीत. त्यांना शंभर किलोमीटर पुरतात. तेही कुठे, हा प्रश्न फार वेळ चालत नाही, कारण मराठी कुटुंब सायकलवर निघालं तरी ते कुठे जात नाही, कुणाकडे तरी जातं. क्लबवाला नकाशा उघडतो तेव्हा त्याला चढ-उतार दिसतात, घरच्यांना आत्या दिसते. इथली आत्या पोयनाडला आहे. तिला फोनवर कळवलेलं असतं की आम्ही येऊ पण थांबणार नाही, खाणार नाही, फक्त पाणी पिऊन पुढे जाऊ. हे ऐकल्यावर आत्याने सहा जणांचं जेवण आठ जणांचं केलेलं असतं.

पनवेलनंतर पळस्पे फाट्याला उजवीकडे वळलं की मुंबई-गोवा महामार्ग. हा रस्ता रुंद करायचं काम 2011 साली सुरू झालं, म्हणजे ते पुतण्यापेक्षा वयाने मोठं आहे. काकांच्या 1988 च्या माहितीचा इथे शेवट होतो, तरी ते बोलायचं थांबत नाहीत. फक्त “इथे एक वड होता” अशी वाक्यं वाढतात. कर्नाळ्याचा चढ छोटा, पण घरच्यांचा अहंकार मोडायला पुरेसा. वर किल्ल्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा. कार्बन सायकल इथे खरोखर पुढे जाते. आणि पाठोपाठ बास्केटवाली.

वडील उतरतात, अॅटलस हाताने ढकलत नेतात आणि जाहीर करतात की घाटात उतरून चालणं हीच खरी पद्धत. यात नुसतीच सबब नाही. 1830 साली बोरघाटाचा गाडीरस्ता झाला, त्यानंतर कितीतरी पिढ्या घाटात बैलांचा भार हलका करायला माणसं उतरून चालत आलेली आहेत. याच घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. रेल्वेसाठी इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या धनगराची ही जागा, अशी आख्यायिका. ट्रकवाले अजूनही तिथे नाणं टाकून जातात. कर्नाळ्याला शिंगरोबा नाही. त्यामुळे वडील नाणं टाकत नाहीत, नुसते पंधरा मिनिटं बसतात.

पुढे खारपाड्याला पाताळगंगेवरचा पूल, मग पेण. पेणला गणपतीचे कारखाने वर्षभर चालू असतात. फेब्रुवारीतही रांगेने न रंगवलेले गणपती बसलेले दिसतात. काका इथे पोह्यांचे पापड घेतात. पापड आणि सायकल हे एकत्र जाणारे विषय नाहीत हे त्यांना सांगून उपयोग नसतो. पापड बास्केटमध्ये जातात. वडखळच्या पुढे अलिबाग रस्त्याला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात, आणि वडील, ज्यांनी गेले साठ किलोमीटर वजन कमी ठेवण्यावर भाषण दिलं, ते अॅटलसच्या हँडलला दोन्ही बाजूंना एकेक वेणी अडकवतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. अॅटलसला अजून मिळायचं आहे.

पोयनाड. आत्या दारात. घोट पाणी पिऊन निघायचं होतं. परसात पोपटी लागलेली आहे. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वरखाली भांबुर्डीचा पाला, आणि भोवती पेंढा पेटवलेला. ही रायगडातली थंडीची खासियत आणि तिचा एकच दोष: खाल्ल्यावर माणूस दोन तास सायकलवर बसू शकत नाही. दहा मिनिटं मोजलेला म्होरक्या ओटीवर आडवा होतो. जावयासाठी वेगळा तांदळाच्या भाकरीचा घाट. इथे सगळ्या मोहिमेचं वेळापत्रक मोडतं, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. राग येतो तो फक्त म्होरक्याला, तोही झोपेत.

दुपारी कार्लेखिंड ओलांडून मांडव्याला पोचल्यावर सायकलचा मीटर 98.6 दाखवतो. शंभर नाहीत. सामान्य माणसाला यात काही अडचण वाटणार नाही. सायकलवाल्याला वाटते. भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो 2020 च्या मार्चपासून सुरू आहे, गाड्या पोटात घेते, साधारण तासाभरात पोचवते. तिची वेळ होत आलेली असते. तरी म्होरक्या धक्क्याच्या आवारात गोल फेऱ्या मारायला लागतो. मागून पुतण्या. मग जावई. रांगेतल्या गाड्यांतले लोक काचा खाली करून बघतात. वडील कांद्याच्या वेण्यांसकट बाकावर बसून मोजतात. सुनेचा मीटर मात्र केव्हाच 101 झालेला असतो, कारण मागे पडलेल्यांना बघायला ती दोन वेळा उलटी फिरली होती.

बोटीवर वेळेचा हिशेब निघतो. सायकलींच्या अॅपवर दोन वेळा दाखवतात: चाक फिरत होतं तो वेळ, आणि घरून निघाल्यापासूनचा एकूण वेळ. पहिला सहा तास काही मिनिटं, दुसरा जवळपास बारा तास. म्होरक्या ऑफिसात पहिला सांगणार. काका चाळीत दुसरा सांगणार, कारण बारा तास सायकल चालवली असं ऐकायला जास्त जड. दोघेही खरं बोलणार. मधल्या पावणेसहा तासांत पोपटी, पापड, पंक्चर, फ्लेमिंगो आणि कर्नाळ्याचं तत्त्वज्ञान आहे. त्यासाठी अॅपमध्ये वेगळा रकाना नाही.

भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर कळतं की घरी राहिलेल्या आईने मानखुर्दच्या ओळखीतला छोटा हत्ती पाठवून ठेवला आहे. प्रत्येक जण म्हणतो, छे, मी चालवतच येतो, वीस किलोमीटर तर आहेत. मुक्त मार्गावर सायकलला बंदी, खालचा रस्ता ट्रकांनी भरलेला, काळोख पडतोय. पाच मिनिटांत सहाही सायकली टेम्पोत असतात, वर कांदे. मालवाहू गाडीत माणसं न्यायला परवानगी नाही, म्हणून माणसं चालत डॉकयार्ड रोड स्टेशनला जातात. रविवार संध्याकाळ, मेगाब्लॉक उरकलेला, पनवेल लोकल रिकामी. डोक्यावर हेल्मेट, अंगात पॅडवाली शॉर्ट, चालण्यात ती विशिष्ट काळजी. बाकावरचा एक सज्जन बसायला बोलावतो. वडील हात जोडून नको म्हणतात. काका नको म्हणतात. जावई, म्होरक्या, पुतण्या, सगळे दांडीला धरून उभे. रिकाम्या डब्यात एकटी सून खिडकीशी बसते आणि पापडांची पिशवी उघडून किती तुटले ते बघते.